दुधाआधीचं रक्त

भरतेश, तुझ्या फोटोपुढं मी हात जोडले नाहीत. रक्षाविसर्जनाच्या दिवशी वहिनींनी फुलांचं ताट पुढं केलं, मी मूठभर फुलं उचलली आणि शेजारच्या बाईंच्या ओंजळीत टाकली. सगळ्यांना वाटलं, हिला दुःखानं सुचत नाहीये. दुःख झालंच आहे, ते काय सांगायला हवं? पण त्या घडीला मला तुझा एवढा राग आला होता की हात जोडले असते तर ते नाटक झालं असतं. नाटक तुला खपायचं नाही, हे मला कॉलेजपासून माहीत आहे.

लोक बोलत होते. कुणी म्हणालं, देवमाणूस. कुणी म्हणालं, कधी आवाज चढला नाही. मी मनात म्हटलं, हे कोणाबद्दल चाललंय? प्रयोगशाळेतल्या त्या लांब टेबलाच्या एका टोकाला तू आणि दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये आपल्या आवाजानं नळ्या हलायच्या, ते यांना कुणी सांगितलंच नाही वाटतं. मेलेल्या माणसाला लगेच इस्त्री करून ठेवतात. मला तू चुरगळलेलाच बरा वाटायचास.

मग ज्यांच्या संशोधनासाठी आपण इतकी वर्षं राबलो, त्या शहरातल्या मोठ्या संस्थेचा शोकसंदेश आला. त्यात तुझ्या नावापुढं लिहिलं होतं, 'कोल्हापूर भागातून नमुने गोळा करणारे आमचे परिश्रमी सहकारी.' गोळा करणारे. तू काय हातगाडी घेऊन भंगार गोळा करत होतास? बायोकेमिस्ट्री तू शिकवलीस, प्रश्न तू काढलेस, चुका तू पकडल्यास, आणि शेवटी पदरात काय, तर परिश्रमी. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं मी म्हटलं की तू मला गप्प करायचास. "वैजू, विज्ञान सगळ्यांचं असतंय," म्हणायचास. असेल बाबा. पण श्रेय घ्यायची वेळ आली की ते कुणाचं असतं, हे तू बघितलंस की नाही?

काम चांगलं होतं, हे मात्र मी रागातही नाकारणार नाही. आपल्या रक्तात साखर, चरबी ही नेहमीची मंडळी असतात, ती कुठल्याही लॅबमध्ये मोजतात. त्यांच्याशिवाय शेकडो बारीक द्रव्यं फिरत असतात. शरीर जे खातं, जाळतं, साठवतं, त्यातून ती निघालेली असतात. आज धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या रक्तात यातलं कुठलं द्रव्य वाढलं की पुढं त्याला मधुमेह किंवा हृदयविकार गाठतो, ते शोधायचं होतं. रक्त आपण काढायचं, शहरातल्या संस्थेनं त्यांच्या भारी यंत्रांवर मोजायचं, परदेशातल्या लोकांनी गणित मांडायचं. तू मला त्यात ओढलंस तेव्हा मी चांगली माझी पॅथॉलॉजी लॅब चालवत होते. "तुझं तोंड आणि माझं डोकं, कोल्हापुरात दुसरं काय लागतंय?" असं म्हणाला होतास. मी हसले आणि फसले.

पहिलीच फेरी बोंबलली, आठवतं? मंगळवार पेठेतल्या शाळेत आपण टेबल मांडलं. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, सकाळी काही न खाता यायचं. माणसं शिस्तीत आली, रांगेत बसली, रक्त दिलं. नळ्या यंत्रात फिरवून काढल्या, तर वरचं पाणी स्वच्छ पिवळं दिसायच्या ऐवजी गढूळ, पांढुरकं. एखाद-दुसरी नळी नाही, रांगच्या रांग. संस्थेनं लगेच कळवलं, तुमच्याकडं नमुने नीट हाताळले जात नाहीत, कोल्हापूर केंद्र वगळावं का असा विचार चालू आहे. तुझा चेहरा पडला. मी त्यांना उत्तर लिहायला बसले होते, ते तू पाठवू दिलं नाहीस, बरंच झालं.

आपण पुन्हा त्या माणसांकडं गेलो. खाल्लं होतं का? न्हाय. नक्की? आईशप्पत न्हाय. मग आप्पा भेटले. एके काळी तालमीत अंग कमावलेले, आता पहाटे पेठेतल्या दूधकट्ट्यावर म्हशी घेऊन उभे राहणारे, गिऱ्हाईकासमोर धार काढून पेला हातात देणारे. त्यांना तू विचारलंस, "आप्पा, खरं सांगा, रक्त द्यायच्या आधी काय पोटात गेलतं?"

"कायबी न्हाय. दूध तेवढं प्यालोतो."

"दूध?"

"मोठा पेला. धारोष्ण. सगळीच पिऊन आलती की."

"अहो, काही खाऊ नका म्हटलं होतं ना?"

"मग? दूध म्हंजी काय खाणं हाय व्हय, डॉक्टर?"

तू माझ्याकडं बघितलंस, मी तुझ्याकडं. कारण तू स्वतः त्या सकाळी शाळेत यायच्या आधी त्याच कट्ट्यावर पेला रिकामा करून आला होतास. मिशीवरचा फेस मीच तुला पुसायला सांगितला होता. म्हशीच्या दुधाची सगळी चरबी त्या नळ्यांमध्ये तरंगत होती, आणि दोन शिकलेली कोल्हापुरी माणसं नळी उजेडात धरून यंत्राला दोष देत होती. शहरातल्या कुणाला हे सुचणं शक्यच नव्हतं. आपल्याला सुचायला हवं होतं, पण आपणही इथलेच. त्या दिवशी तू इतका हसलास की आप्पांच्या म्हशीनं मान वळवून बघितलं.

मग तू ठरवलंस की माणसं कट्ट्यावर येणारच, तर आपणच कट्ट्यावर जायचं. उजाडताना टेबल मांडायचं, आधी रक्त, मग दूध. भारतात कुठल्या संशोधनात म्हशींच्या शेजारी रक्त काढलं असेल, मला ठाऊक नाही. शेणाचा वास, चरव्यांचा आवाज, आणि तू पांढरा कोट घालून मध्ये उभा. माणसं बिचकत होती. एक म्हणाला, "एकदा दिलंय की, पुन्ना कशाला? रक्त इकताय काय?" तेव्हा आप्पा पुढं आले. "डॉक्टर, तुमी आदी द्या की. मग आमी देतो."

तू कोट काढलास, बाही वर केलीस आणि माझ्यापुढं हात धरलास. मी तुझं रक्त काढलं. तुझी शीर पटकन सापडायची, बारीक अंगाचा होतास ना. सगळे बघत होते. मग आप्पांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "देतो. पर त्यात काय निगालं ते सांगाय येणार काय? का नेलं ते नेलं?"

तू म्हणालास, "मी स्वतः येतो सांगायला. शब्द आहे."

शब्द, भरतेश. म्हशींच्या, माणसांच्या आणि माझ्या साक्षीनं.

त्या शब्दाचं तू पुढं काय केलंस, ते मला लिहायलाच हवं, कारण आपलं भांडण तिथंच अडकलंय. इचलकरंजीचा शिवशंकर. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा, बिहारहून आलेला, तुझ्याशी हिंदीत लाजत बोलणारा. त्याच्या रक्तात एक द्रव्य फार वाढलेलं निघालं. तेव्हा निकाल आपल्याकडं नावानिशी यायचे, आणि इचलकरंजीच्या फेरीचे आधी आले होते, कट्ट्याचे अजून यायचे होते. तू घाईनं गेलास सांगायला, आणि सांगितलंस कुठं, तर शेडमध्ये, माग चालू असताना. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तू त्याच्या कानाशी ओरडून सांगितलंस, पुढे आजार होऊ शकतो, होईलच असं नाही, काळजी घे. त्याला त्यातला 'आजार' तेवढा ऐकू गेला. त्यानं भात सोडला, रात्रपाळी सोडली, कुणा भोंदूचा काढा घेतला आणि महिन्याभरात गावाकडं निघून गेला. तू त्याला शोधत परत परत त्या शेडवर गेलास. मालकानं शेवटी हाकलल्यासारखं केलं.

तिथून तू बदललास. संस्थेला नियम हवाच होता. अशा संशोधनातले कच्चे निकाल माणसाला कळवायचे नाहीत, असं त्यांचं आधीपासून म्हणणं. साखर, चरबी कळवा, नवं काही कळवू नका. मला वाटलं, तू भांडशील. तू तर त्या नियमाचं मराठी वाक्य स्वतःच्या हातानं लिहून दिलंस, 'या तपासणीतील वैयक्तिक निकाल सहभागी व्यक्तीस कळवले जाणार नाहीत.' वर नावं आणि आकडे जुळवायची किल्लीही त्यांच्या हवाली केलीस. त्यानंतर आपल्याकडच्या नळ्यांवर नुसते आकडे उरले. कुठली आप्पांची आणि कुठली तुझी, हे आपल्यालाच कळेनासं झालं.

"हात दाखवून अवलक्षण कशाला?" तू म्हणायचास. "अजून पुरावा अर्धा आहे. अर्ध्या पुराव्यानं माणूस अख्खा घाबरतो. शिवशंकर बघितलास ना?"

आणि मी म्हणायचे, सांगणं चुकलं नाही, सांगायची रीत चुकली. बसवून सांगायचं होतंस, चहा पाजून, त्याच्या भाषेत, दोनदा-तीनदा जाऊन. एका माणसाला कारखान्यात ओरडून सांगितलंस, ते फसलं, म्हणून बाकीच्या सगळ्यांना गप्प बसून फसवायचं? हा कुठला न्याय? तू चष्मा पुसायला लागायचास. उत्तर नसलं की तुझा चष्मा फार मळायचा.

तुझ्या बाजूनं बोलायचं तर, तू भित्रा नव्हतास. तुला शिवशंकरचं मनापासून लागलं होतं. खोटी आशा आणि खोटी भीती दोन्ही विकणारे डॉक्टर तू बघितले होतेस आणि तुला त्यांच्या पंगतीत बसायचं नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. तुझ्याकडून मी किती शिकले, ते मी तुला कधी बोलले नाही. आकडा आवडला की त्याच्यावर दुप्पट संशय घ्यायचा, ही सवय तू लावलीस मला. माझ्या लॅबमध्ये आज जी मुलं काम करतात, त्यांनाही ती लागली आहे. त्याबद्दल तुझे उपकार आहेत. पण म्हणून राग कमी होत नाही, उलट वाढतो. एवढं कळणाऱ्या माणसाला एवढं साधं कळू नये?

दुसऱ्या फेरीचं रक्त आपण काही वर्षांनी, याच हिवाळ्यात, त्याच माणसांचं काढलं. तू पुन्हा पहिला हात पुढं केलास, तुझी ती रीतच झाली होती. आप्पा म्हणाले, "डॉक्टर, मागलं सांगितलं न्हाईसा अजून." तू हसून म्हणालास, "सांगतो, सांगतो." मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं.

आणि मग तो शनिवार. तू फोन केलास, आवाजात आनंद होता. परदेशातल्या लोकांनी गणित मांडलं होतं. पहिल्या फेरीत ज्यांच्या रक्तात ती ठरावीक द्रव्यं वाढलेली होती, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना आता छातीचा त्रास सुरू झालाय, असं दिसू लागलं होतं. "जुळायला लागलंय, वैजू," म्हणालास. मी म्हटलं, मग आता तरी सांग लोकांना. तू म्हणालास, दुसरी फेरी मोजून होऊ दे, मग विचार करू. मी चिडले. मी म्हटलं, तुझा विचार होईपर्यंत कट्टा ओस पडेल. तू म्हणालास, "जरा दमानं घे गं. मला आज पित्तानं हैराण केलंय, छातीत जळजळतंय नुसतं. सोमवारी बोलू."

सोमवारी बोलू.

रविवारी सकाळी तू बस्तीतून, आपल्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आलास, खुर्चीत बसलास, वहिनींकडं पाणी मागितलंस. पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. पित्त म्हणे. जन्मभर लोकांच्या रक्तात पुढचं बघणारा माणूस, स्वतःच्या छातीतल्या जळजळीला पित्त म्हणून मोकळा झाला. साखर नॉर्मल, चरबी नॉर्मल, हे तू मिरवायचास. पण नेहमीच्या तपासण्यांत जे दिसत नाही तेच शोधायला आपण बसलो होतो ना रे? मग स्वतःच्या बाबतीत तीच जुनी तपासणी तुला पुरली कशी?

रक्षाविसर्जनाहून परतल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. डोळे कोरडे होते. म्हणाल्या, "वैजूताई, ह्यांनी पण रक्त दिलतं की कट्ट्यावर. त्यात काय दिसलतं काय?"

मी म्हटलं, ठाऊक नाही.

"इचारून बघा की. माझ्यासाठी न्हाय. लेकीसाठी इचारतोय. तिला काय जपाय लागंल का, तेवढं कळू दे."

मी संस्थेला फोन केला. तिथल्या समन्वयक बाई, तुला ओळखणाऱ्या, तुझ्या घरी झुणका-भाकरी खाऊन गेलेल्या. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, निकाल कळवता येत नाही. मी म्हटलं, माणूस गेलाय. म्हणाल्या, मृत्यूनंतरही नाही, नियम आहे. मी म्हटलं, त्याची बायको विचारते आहे. तर त्या म्हणाल्या, "मॅडम, ते वाक्य डॉक्टरांनीच तर लिहिलं होतं."

भरतेश, त्यावर मी काय बोलायचं होतं, सांग. कोल्हापुरातली सगळी शिवीगाळ मला येते. एक शिवी सुचली नाही. मी फोन ठेवला आणि टेबलाच्या तुझ्या टोकाला जाऊन बसले.

कदाचित तुझ्या रक्तात काहीच निघालं नसेल. हे मी स्वतःला रोज सांगते, तूच शिकवलेल्या संशयानं. कदाचित ती द्रव्यं तुझ्यात अगदी बेताची असतील आणि तरीही तू गेला असशील, कारण एका माणसाचं भविष्य असं नळीत मावत नाही. पण कदाचित निघालंही असेल. कुठल्यातरी यंत्रानं ते मोजलं असेल, कुठल्यातरी पडद्यावर एका आकड्यापुढं ते वर्षानुवर्षं पडून राहिलं असेल, आणि तो आकडा म्हणजे तू, हे सांगायची बंदी तूच घातलेली. तू वाचला असतास असं मी म्हणत नाही. तुझी जळजळ तू पित्तावर ढकलली नसतीस, एवढंच म्हणते. डॉक्टरांकडं गेला असतास. तेवढी संधी होती, आणि ती तू आप्पांची काढून घेतलीस तशीच स्वतःचीही घेतलीस. निदान त्यात तरी तू भेदभाव केला नाहीस.

गेल्या आठवड्यात कट्ट्यावर गेले. जायचं नव्हतं, पाय गेले. आप्पांना कळलं होतं. त्यांनी धार काढून पेला माझ्या हातात दिला, आणि दुसरा भरून, आपण टेबल मांडायचो त्या जागेवर, दगडावर ठेवला. फेस बसत गेला. मग म्हणाले,

"त्येंचं काय आलतं ओ रक्तात?"

"ठाऊक नाही, आप्पा."

"तुमालाबी न्हाय?"

"नाही. सांगत नाहीत."

त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "आनी आमचं?"

"ते पण नाही."

"मग कुणासाठी काढलंसा ओ रक्त?" ते रागानं बोलले नाहीत, भरतेश. रागानं बोलले असते तर मी सोसलं असतं. त्यांनी खरोखर विचारलं, जसं दूध म्हणजे खाणं आहे का असं विचारलं होतं. तेव्हा आपल्याला त्यातून उत्तर सापडलं होतं. या वेळी मी हातातला पेला दगडावरच्या तुझ्या पेल्याशेजारी ठेवला.

तिथून सरळ लॅबमध्ये आले. दुसऱ्या फेरीच्या नळ्यांची पेटी माझ्याकडच्या गोठवणयंत्रात आहे, कोरड्या बर्फात घालून पाठवायला तयार. पेटी घ्यायला माणूस आला होता, त्याला मी परत पाठवलं. समन्वयक बाईंचा फोन आला, मग त्यांच्या वरच्यांचा, मग परदेशातून कुणीतरी अडखळत नमस्ते म्हणालं. मी सगळ्यांना एकच सांगितलं. तुमच्याशिवाय हे रक्त मोजता येत नाही, हे मला माहीत आहे. पण आमच्याशिवाय ते तुम्हाला मिळत नाही, हे तुम्ही विसरलात. ते वाक्य खोडा. ज्याला स्वतःचं ऐकायचं असेल त्याला ऐकता येईल, बसवून, समजावून, ज्याच्या त्याच्या भाषेत, कच्चं असेल तर कच्चं आहे असं सांगून. ज्याला नको असेल त्याला नको. आणि जे गेले, त्यांच्या घरच्यांना विचारायचा हक्क. तोवर पेटी हलणार नाही.

ते म्हणतात, कामाचं नुकसान होईल. होईल. तुझंच काम आहे, मला कळत नाही का? पेटीचं झाकण उघडून मी बघत बसते. सगळ्या नळ्या सारख्या. त्यात एक तुझी आहे, या हिवाळ्यात मीच काढलेली, तू हसत असताना. कुठली ते मला ओळखता येत नाही. मी काढलेलं रक्त, माझ्या मित्राचं, आणि मला ओळखता येत नाही.

तुला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. तू म्हणशील, वैजू, हट्ट करू नकोस, पेटी पाठव, माणसापेक्षा काम मोठं. मी म्हणेन, माणसाचंच तर रक्त आहे. तू चष्मा पुसशील.

आज सोमवार आहे. तू म्हणाला होतास, सोमवारी बोलू. टेबलाचं तुझं टोक मी मोकळं ठेवलंय. ये, आणि भांड माझ्याशी.